आमची वाटचाल : चकलीच्या डब्यातली कार्डं

"238 ला 677 ने भाग," बाबा म्हणाले. 1987 साल, न्यू जर्सीतलं एडिसन, स्वयंपाकघरातलं टेबल आणि माझ्या हातात न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघाच्या डॉन मॅटिंगलीचं कार्ड. मागे त्याची आदल्या वर्षीची फलंदाजीची सरासरी छापलेली : .352. सांगलीत क्रिकेट खेळलेल्या बाबांना ती पटेना. एक बाद होईपर्यंत धावा किती, एवढाच त्यांचा हिशेब. इथे 677 'ॲट बॅट'मध्ये (फलंदाजीच्या मोजलेल्या संधी) 238 'हिट' (चेंडू टोलवून सुखरूप बेस गाठणं), त्याचा भागाकार. उत्तर जुळलं आणि बाबांचा चेहरा माझ्याहून जास्त खुलला. तोवर बेसबॉल माझ्या एकट्याचा होता, त्या रात्रीपासून आम्हा दोघांचा झाला.

टॉप्स या कंपनीच्या कार्डांचं पाकीट तेव्हा 40 सेंटला मिळायचं. मेणकागदात 17 कार्डं आणि गुलाबी च्युइंगमची कडक पट्टी. गमाची पांढरी पूड बोटांना लागायची, त्याला टेकलेल्या कार्डावर डाग पडायचा. त्या वर्षीच्या कार्डांना लाकडासारखी तपकिरी चौकट होती आणि पूर्ण सेट 792 कार्डांचा. पाकिटं घेऊन तो पुरा होत नाही, अदलाबदल करावीच लागते. डब्यात पोळी-भाजी नेणाऱ्या मुलाला शाळेच्या बसमध्ये कुणी शेजारी बसवून घेत नव्हतं. माझ्याकडची डुप्लिकेट कार्डं पाहिल्यावर मागच्या बाकावर जागा झाली. समोरच्याला काय हवंय ते आधी विचारायचं, हे मी तिथेच शिकलो. दुकानदारीतलं माझं पहिलं शिक्षण तेच.

आईने चकलीचा डबा रिकामा करून दिला आणि कार्डांचे गठ्ठे रबरबँडने घट्ट बांधले. रबराने कडांना खाचा पडल्या. आजच्या बाजारात त्या कार्डांना काही किंमत नाही, पण तो डबा आमच्या कार्डांच्या दुकानात माझ्या खुर्चीमागे आहे आणि विकायचा नाही.

पुढे मोठी माणसं यात पैसा शोधू लागली. 1989 मध्ये अपर डेक या नव्या कंपनीने होलोग्राम असलेली महागडी कार्डं आणली, केन ग्रिफी ज्युनिअर या नवख्या खेळाडूच्या कार्डासाठी मुलं वेडी झाली. मीही घरोघरी पेपर टाकून साठवलेल्या पैशांचे न उघडलेले खोके घेतले, कॉलेजच्या फीसाठी. पण सगळेच खोके जपून ठेवत होते आणि कंपन्या छापतच होत्या. 1994 मध्ये बेसबॉल खेळाडूंचा संप झाला, वर्ल्ड सिरीज ही विजेतेपदाची अंतिम मालिकाही रद्द झाली. फी भरायच्या वेळी माझे खोके घेतल्या भावालाही कुणी उचलेना. बाबांनी जादा कामाचे तास घेऊन फी भरली. ते मी विसरलेलो नाही.

2004 मध्ये शनिवार-रविवारच्या कार्ड प्रदर्शनांत एक टेबल भाड्याने घेऊन सुरुवात केली, 2008 मध्ये हे दुकान. हिशेब बायको बघते. आजही माळ्यावरचे ऐंशीच्या दशकातले खोके घेऊन माणसं येतात आणि यांकीजच्या मिकी मँटलचं टॉप्सचं 1952 चं कार्ड ऑगस्ट 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरला गेलं, याची आठवण करून देतात. मी त्यांना बसवून सांगतो. 1952 च्या त्या सेटमधली न खपलेली कार्डं टॉप्सच्या साय बर्गर यांनी 1960 मध्ये अटलांटिकमध्ये बुडवली होती आणि घरोघरची आयांनी टाकून दिली. म्हणून ती दुर्मीळ. आपली कुणी टाकलीच नाहीत. गिऱ्हाईक हिरमुसतं, पण खोटी आशा लावून मी एकही खोका घेतलेला किंवा विकलेला नाही.

2020 च्या साथीत कार्डांना अचानक उधाण आलं. आलेला माल मोठी माणसं दारातूनच उचलत होती. आम्ही दर आठवड्याला एक खोका मुलांसाठी बाजूला ठेवला : एका मुलाला दोन पाकिटं, छापील भावात, काउंटरवरच उघडायची. त्यात बराच नफा सोडावा लागला आणि त्यावरून घरात वादही झाले. खोका अजून ठेवतो.

शनिवारी दहा ते बारा दारालगतचं टेबल मुलांच्या अदलाबदलीचं असतं. तिथे पैशांचा व्यवहार चालत नाही. बाबा तिथेच बसतात, खिशात पेन्सिल आणि कोऱ्या कागदांची चवड घेऊन.