क दिसत नाही, प दिसतो

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी टीव्हीवर आजोबा झालो. माझ्या मुलाचं काम करणारा नट माझ्याहून फक्त सहा वर्षांनी लहान आहे. पण केसांना पांढरं लावलं आणि खांदे जरा पाडले की प्रेक्षक चालवून घेतात. गेल्या हिवाळ्यात मालिकेत माझा नातू हरवला आणि तो सापडायचा होता इंदूरला, कारण नायिकेचं माहेर तिथलं. तीन दिवसांचं आउटडोअर लागलं. ज्या गावातून पंचवीसएक वर्षांपूर्वी अवंतिका एक्स्प्रेसने मुंबई गाठली होती, तिथे प्रॉडक्शनच्या खर्चाने परत आलो.

पहिले दोन दिवस माझं काम म्हणजे युनिटला सराफ्यात कुठे काय खायचं ते सांगणं. सीन तिसऱ्या दिवशी होता, कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवर.

कान्ह नदीच्या काठावरच्या ह्या होळकरांच्या समाध्या. राजवाड्यापासून पायी पाच-सात मिनिटं. उतरत्या उन्हात तिथला कोरीव दगड असा उजळतो की आमचा कॅमेरामन दुपारपासूनच हात चोळत बसला होता. आवाजवाल्या दादाचं तोंड मात्र वाकडं. शेजारी पूल, पुलावर अख्खं इंदूर, आणि इंदूरचा माणूस समोर कुणी असो-नसो, हॉर्न वाजवतोच. डेली सोपमध्ये आवाज जागेवरच रेकॉर्ड होतो. छातीला लेपल माइक, त्यात जे आलं ते आलं. नंतर डबिंगला वेळ कुणाकडे असतो?

नातवाचं काम करणारा मुलगा सात वर्षांचा. बालकलाकारांचे नियम आहेत: दिवसाला पाच तासांच्या वर काम नाही, सलग तीन तासांच्या पुढे विश्रांतीशिवाय नाही, मानधनातले किमान वीस टक्के त्याच्या नावावर बँकेत, आणि जिथे शूटिंग तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. सगळीकडे हे पाळतात असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण आमचा ईपी, म्हणजे कार्यकारी निर्माता, ह्या बाबतीत घड्याळ हातात धरून बसतो. मुलगा दुपारी एक वाजता आला होता. सहाला त्याला सोडायचं म्हणजे सोडायचं.

साडेतीनला नवा सीन आला. व्हॉट्सअ‍ॅपवर, नेहमीप्रमाणे. मुलाने आईजवळ बसून येताना गाडीत जे पाठ केलं होतं ते सगळं बदललेलं. आम्हा निगरगट्टांना त्याचं काही वाटत नाही. पान हातात घेतो, दोनदा वाचतो, उभे राहतो. पण पोरांचं पाठांतर वेगळं असतं. त्यांच्या डोक्यात वाक्य बसलं की चालीसकट बसतं, आणि ते काढून दुसरं घालणं म्हणजे रांगोळी पुसून तिथेच पुन्हा काढणं.

मास्टर, म्हणजे अख्खा सीन एका फ्रेममध्ये, झाला. माझे क्लोज, म्हणजे जवळून चेहऱ्याचे शॉट, झाले. त्याच्या क्लोजला गाडी अडली.

चार वाक्यं होती. असिस्टंट कॅमेऱ्यामागून प्रॉम्प्ट करत होती. मुलगी चांगली आहे, पण तिसऱ्या टेकनंतर तिचाही आवाज चढला. ती सांगायची, तो म्हणायचा, आणि मधे आवाजवाले दादा: "प्रॉम्प्ट आत आलं." परत. सहाव्या टेकला ती घाईत म्हणाली, "काल बाबा मला... हां, बोल," आणि पोराने डोळ्यांत पाणी आणून अगदी मनापासून म्हटलं, "काल बाबा मला हां बोल." सगळे हसले. तोही हसला. मग त्याला कळलं की हे आपल्यालाच हसताहेत, आणि तो स्वेटरचा धागा ओढत बसला. वाजले होते सव्वापाच. त्याची आई पाण्याची बाटली घेऊन दोरीच्या पलीकडे उभी होती आणि पुढे यावं की नाही ते तिला ठरवता येत नव्हतं.

त्या धाग्याकडे बघताना मला नाना आठवले. खोटं कशाला बोलू, गावात येऊन तीन दिवस झाले होते आणि तोवर मी त्यांच्या घरी गेलो नव्हतो.

नाना आमच्या रामबागेतल्या वाड्यात खालच्या मजल्यावर राहायचे. नोकरी हुकुमचंद मिलमध्ये, विणाई खात्यात. इंदूरच्या मराठी रंगभूमीचा विषय निघाला की लोक बाबा डिक्यांचं आणि नाट्यभारतीचं नाव घेतात, आणि ते घ्यायलाच हवं. नाना त्यात कुठेच नाहीत. ते आमच्या गल्लीच्या गणपतीतले प्रॉम्प्टर. पाळी संपवून सायकलने यायचे, हातपाय धुवायचे आणि तालमीला बसायचे. दहा दिवसांत कुणी बसवलेलं नाटक असो, बायकांचं, पोरांचं, तीन अंकी, विंगेत वही धरून नानाच.

आणि नानांना ऐकू कमी यायचं. प्रॉम्प्टर बहिरा, हा वाड्यातला जुना विनोद होता. शेकडो माग एकदम खडखडतात तिथे वीस-बावीस वर्षं काढल्यावर कान शाबूत राहतील कसे? पण त्या खडखडाटात माणसं गप्प थोडीच बसतात. खात्यात सगळे ओठांनी बोलायचे. समोरच्या मागावरचा माणूस आवाज न काढता सांगायचा की डब्यात आज भरली वांगी आहेत, आणि ह्याला ते कळायचं. नाना हीच विद्या विंगेत घेऊन आले. नट काय बोलतोय हे त्यांना ऐकू येत नसे, ते बघत. म्हणून कोण अडणार हे त्यांना नटाच्या आधी कळे. ते म्हणत, "शब्द जायच्या आधी श्वास अडकून राहतो."

मी नऊ वर्षांचा असताना, 1985 च्या गणपतीत, मधोमध उभा राहून कोरा झालो. समोर अख्खी गल्ली. विंगेकडे बघितलं तर नाना वही मिटून माझ्याकडे बघताहेत. शब्द देईनात. नुसता एक मोठा श्वास घेतला, मला दिसेल असा, खांदे उचलून. मीही घेतला. मग त्यांनी ओठ मिटून उघडले, आवाज नाहीच, आणि माझं वाक्य आलं. नंतर मी रडत विचारलं की लवकर का नाही सांगितलंत? "अरे पोऱ्या, तू विसरून नव्हता राहिला, घाबरून राहिला होता. शब्द देऊन काय फायदा?"

त्या वर्षीच्या थंडीत त्यांनी मला ओठ वाचायला शिकवलं. खेळ म्हणून. पहिला धडा असा: प, फ, ब, म ओठावर दिसतात. क, ख, ग घशात, ते दिसत नाहीत. पान, बाण, मान समोरून एकसारखे, तिथे संदर्भ लावायचा. म्हणून वहीत ते आधीच खुणा करून ठेवत. वाक्य क ने सुरू होत असलं तर त्यातला ओठावरचा पहिला शब्द शोधून त्याखाली लाल रेघ. नटाला तोच द्यायचा. बाकीचं तो ओढत आणतो.

तर सव्वापाचला मी दिग्दर्शकाला म्हटलं, दहा मिनिटं द्या. तो म्हणाला पाच. मी मुलाला घेऊन छत्रीच्या पायरीवर बसलो आणि आवाज न काढता विचारलं, मी सकाळी काय खाल्लं? त्याने माझ्या तोंडाकडे टक लावून बघितलं. "पोहे?" बरोबर. आणि त्याबरोबर? "चिवी?" जिलबी होती, पण एवढ्या लवकर तिथपर्यंत पोचणं म्हणजे पोरगं हुशार. तीन-चार शब्द झाले. धागा सुटला.

मग पान बघितलं. पहिलंच वाक्य: "काल बाबा मला घ्यायला आलेच नाहीत." क ने सुरुवात, म्हणजे अंधार. मुंबईला क्रिएटिव्हला, म्हणजे मालिकेची कथा-संवाद बघणाऱ्या बाईंना, फोन लावला आणि विचारलं, "बाबा मला घ्यायला आलेच नाहीत काल," असं केलं तर? तिला वाटलं मी अभिनयाच्या दृष्टीने सुचवतोय. म्हणाली, "वा सर, हे जास्त लागतंय." खरंच लागत होतं. शेवटी आलेला तो 'काल' लहान मुलाच्या तोंडचा वाटत होता. कारण मात्र मी तिला सांगितलं नाही. उरलेल्या तीन वाक्यांतलं एक बदललं, दोन तशीच चालण्यासारखी होती.

असिस्टंटला मी कॅमेऱ्यामागून बाजूला बसायला सांगितलं आणि स्वतः लेन्सच्या खाली मांडी घालून बसलो. धोतरात. पहिले दोन टेक वाया गेले, कारण मुलगा माझ्या ओठांकडे बघायचा आणि नजर फार खाली जायची. कॅमेरामनने न बोलता कॅमेरा दीड वीत खाली घेतला. तिसऱ्याला हॉर्न. चौथ्याला बरोबर मधेच नदीवरून बगळे उडाले आणि पोराने ते बघितले, जे बघायलाच हवे होते.

पाचव्याला मी आधी श्वास घेतला. खांदे उचलून. त्यानेही घेतला. मी ओठ मिटले, उघडले. "बाबा मला घ्यायला आलेच नाहीत काल." आवाजात ती पढवलेली चाल नव्हती. पुढच्या तिन्ही वाक्यांना मी तेवढंच केलं. एखाद्या ठिकाणी माझे ओठ गरजेपेक्षा जरा जास्त हलले असतील, घाई होतीच. कट म्हटल्यावर सगळे आवाजवाल्या दादांकडे बघायला लागले. त्यांनी हेडफोन काढला. "शेवटी एक हॉर्न आहे," म्हणाले, आणि थोडं थांबून, "पण असू दे." सहाला आठ मिनिटं कमी होती. मुलगा कचोरी खायला पळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामबागेत गेलो. वाडा पडून तिथे तीनमजली इमारत झाली आहे, पण नाना तळमजल्यावरच. आता ऐंशीच्या घरात. ताईने, म्हणजे त्यांच्या मुलीने, दार उघडलं आणि मी पाया पडायच्या आतच नाना मोठ्याने म्हणाले (ऐकू न येणाऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा हे कळत नाही), "येऊन राहिला न शेवटी!"

समोरच्या भिंतीवर भिंतीच्या मानाने फारच मोठा टीव्ही होता. त्याची कथा ताईने सांगितली. हुकुमचंद मिल 1991 च्या डिसेंबरात बंद पडली आणि कामगारांची देणी अडकली. बत्तीस वर्षं. 2023 च्या डिसेंबरात 224 कोटींचा निवाडा होऊन पैसे सुटले, तोवर किती जण गेलेले. मिल बंद तरी तिच्या नावाची झाँकी, म्हणजे रोषणाईचा चित्ररथ, अनंत चतुर्दशीला निघतच राहिली, आणि नाना अंगात त्राण होतं तोवर त्यासाठी दारोदार वर्गणी मागत फिरत. वाट्याला आलेल्या रकमेतून ताई म्हणाली कानाचं मशीन घेऊ, चांगल्यापैकी. नानांनी टीव्ही आणला. "मशीनने काय होईल? ह्याच्यात ओठ साफ दिसतात."

माझी मालिका ते रोज बघतात, आवाज पूर्ण बंद करून. आणि त्यांनी मला पकडलं. दोन महिन्यांपूर्वीच्या एका भागात मी रागाने घरातून निघतो. टेकमध्ये माझ्या तोंडून निघालं होतं, "मी जाऊन राहिलो." इंदूरची मराठी, भावनेच्या भरात निसटते. मुंबईत सुरुवातीला हिच्यापायी मला सगळे नागपूरचा समजत. चॅनेलच्या माणसाने हरकत घेतली, म्हणून दुसऱ्या दिवशी मेकअप रूममध्ये पंखा बंद करून लेपलवर "मी निघतोय" एवढंच रेकॉर्ड केलं आणि एडिटरने ते पाठमोऱ्या शॉटकडे सरकवत चिकटवलं. महाराष्ट्रात कुणाच्याही लक्षात आलं नाही. नानांना आवाज नव्हताच, त्यांना फक्त माझं तोंड दिसलं. "जाऊन राहिलो म्हणाला!" ते ताईला सांगत होते, मी समोर बसलेलो असताना. "सगळ्यांसमोर म्हणाला!"

आदल्या संध्याकाळचं मला त्यांना सांगायचं होतं. पण ते बोलत राहिले, मिलबद्दल, वाड्याबद्दल, आमच्या मालिकेतल्या खलनायिकेच्या पाठांतराबद्दल (तिचं बरं आहे, म्हणे, पण समोरच्याचं वाक्य संपायच्या आत तोंड उघडते). तेवढ्यात प्रॉडक्शनची गाडी आली. सांगायचं राहून गेलं.

तीन आठवड्यांनी तो भाग लागला. साडेआठला संपला आणि आठ बत्तीसला ताईचा फोन. "थांब, नाना काही विचारताहेत." मागून आवाज आलाच, फोनची गरज नसलेला.

"तो पोरगा बोलून राहिला होता तेव्हा कॅमेऱ्याच्या खाली कोण बसलं होतं?"

मी ताईला म्हटलं, सांग, मीच. तिने वळून त्यांना ओठांनी सांगितलं असणार, कारण क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. मग नाना ओरडले, "पहिला शब्द दिला ते ठीक. तिसऱ्या वाक्याला दुसरा कशाला दिला? तो येऊनच राहिला होता न!"