आमची वाटचाल: पडवीपासून अठरा फुटांच्या उतारापर्यंत

सुरुवात सावंतवाडीत, आमच्या घराच्या पडवीत. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते. ते रंगवायच्या साहित्याची पाकिटं करून शाळांना विकायची, एवढाच धंदा. दशावतारी संचात 120 गोल पानं, दहा अवतारांची प्रत्येकी बारा. पाकिटं खपली आणि मागोमाग शाळांचे फोन: "शिकवायला माणूस द्या."

आमच्याकडचा सर्वांत चांगला हात एका कर्णबधिर कारागिराचा. (सरकारी कागदावर दिव्यांग, आमच्यात सगळे सर नाहीतर बाई.) त्यांना पाठवलं, सोबत खुणांची भाषा येणारी त्यांची बहीण. पहिला वर्ग फसला. हातात कुंचला असला की सरांना खुणा करता येईनात, आणि मुलं पानात डोकं घालून बसली की त्यांना खुणा दिसेनात. वर प्रश्न सगळे बहिणीला.

घडी सरांनीच बसवली. आधी सगळ्यांचे कुंचले खाली. सर मत्स्याचे दोन खवले काढून दाखवतात, कुंचला ठेवतात, मग खुणा करतात, मग मुलं रंगवतात. पुढचा टप्पा आला की दिव्याचं बटण दोनदा चालू-बंद. बहीण एक पाऊल मागे उभी राहते. याला वेळ लागतो, म्हणून आम्ही जोडतासच घेतो.

लाकडी खेळणी शिकवणारे आमचे दुसरे सर कुबड्या वापरतात. एका शाळेने त्यांचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर ठेवला आणि त्यांना खुर्चीसकट उचलून वर नेलं. परतताना म्हणाले, "माका जिनो चढूचो तरास नाय, उचलून नेतत ताचो तरास होता." तेव्हापासून आधी फोन: खोली तळमजल्यावर आहे का, स्वच्छतागृह कुठे, एसटीचा थांबा किती लांब. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत, वाजवी सोयींची तरतूदही आहे. पण मुख्याध्यापकांना कायदा ऐकवला की फोन लवकर संपतो. साधं विचारलं की खोली बदलते.

पैशाचं मात्र आमचंच चुकलं. दुभाषी, रिक्षा हा खर्च दोन वर्षं आम्ही खिशातून केला. मग, लिहायला लाज वाटते, ज्यांच्यावर खर्च कमी त्यांनाच पाठवायचा मोह आम्हाला व्हायला लागला. आता बिलात 'पूर्वतयारी' असा आकार असतो, प्रत्येक वर्गाला सारखाच, शिकवायला कोणीही जावो. दोन शाळा त्यावरून तुटल्या.

राहिलं आमचं घर. जांभ्याच्या सहा-सहा इंची तीन पायऱ्या. चाकाच्या खुर्चीला फूटभर उंचीमागे बारा फूट उतार लागतो, म्हणजे दीड फुटाला अठरा. तुळशीवृंदावन सरकवावं लागलं. आईने चार दिवस अबोला धरला. मृगाचा पाऊस पडला की उतार शेवाळतो. रविवारी तो काथ्याच्या ब्रशने घासायचं काम माझ्याकडे. वरून पाणी आई ओतते.