एम.टी.टी.एस. : गणिताच्या उन्हाळी शिबिरातील माझा अनुभव

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या विभागाच्या सूचनाफलकावर एम.टी.टी.एस.चे, म्हणजे ‘मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च’ या उन्हाळी कार्यक्रमाचे पत्रक लागले होते. प्रा. एस. कुमारेसन यांनी १९९३ साली सुरू केलेला हा चार आठवड्यांचा निवासी कार्यक्रम राष्ट्रीय उच्चतर गणित मंडळाच्या अर्थसाहाय्यावर देशातील निरनिराळ्या केंद्रांवर भरत आला आहे. राहण्या-जेवण्याचा खर्च नाही आणि रेल्वेचे स्लीपरचे भाडेही मिळते, हे वाचल्यानंतरच घरी विषय काढण्याचा मला धीर झाला. ऐन सुगीनंतरच्या सुट्टीत मुलाने महिनाभर गणित करायला परराज्यात जावे, ही कल्पना वडिलांच्या गळी उतरवणे अर्ज भरण्यापेक्षा अवघड होते. अर्जासोबत शिक्षकांचे शिफारसपत्र लागते. आमच्या सरांनी ते आनंदाने दिले, निवड झाली आणि मला दक्षिणेतील एक केंद्र मिळाले.

माझा गट ‘लेव्हल झीरो’चा, म्हणजे सुरुवातीच्या पातळीचा होता. विषयांची नावे सगळी ओळखीची होती : रिअल अ‍ॅनालिसिस (वास्तव संख्यांचा काटेकोर अभ्यास), लिनियर अल्जेब्रा (रेषीय बीजगणित), संख्यासिद्धांताकडे झुकणारे बीजगणित असे. यातील बरेचसे आपल्याला येते, अशा समजुतीत मी पहिल्या तासाला बसलो. तिथल्या सरांनी फळ्यावर फक्त १/न ही क्रमिका (म्हणजे १, १/२, १/३, …) लिहिली आणि ती शून्याकडे जाते का, असे विचारले. सगळ्यांनी एका सुरात होकार दिला. ‘का?’ असे विचारल्यावर कोणी म्हणाले, छेद वाढत जातो म्हणून. छेद कितीही वाढू शकतो हे कशावरून, एखादी वास्तव संख्या सगळ्या नैसर्गिक संख्यांच्या पुढे बसलेली नसेल कशावरून, असा पुढचा प्रश्न आला आणि वर्ग गप्प झाला. सरांनी उत्तर दिले नाही. तासभर आमच्याच तोंडून एकेक पायरी काढून घेतली. नैसर्गिक संख्यांना वरची सीमा आहे असे समजा. मग वास्तव संख्यांच्या मूळ गुणधर्मानुसार त्यांना सर्वांत लहान अशी वरची सीमा असलीच पाहिजे, तिला अ म्हणू. अ वजा १ ही संख्या अ पेक्षा लहान, म्हणून ती वरची सीमा असू शकत नाही. तेव्हा तिच्याहून मोठी एखादी नैसर्गिक संख्या न सापडतेच. पण मग न अधिक १ ही अ च्या पुढे गेली, आणि तीही नैसर्गिकच आहे; म्हणजे वरची सीमा आहे हे समजणेच चूक ठरले. ही सिद्धता आमच्या पुस्तकात चार ओळींची होती आणि मला ती तोंडपाठ होती. तिची गरज नेमकी कुठे पडते, हे मात्र त्या दिवशी कळले.

पुढचे काही दिवस जड गेले, हे सांगितलेच पाहिजे. वर्गात उभे करून विचारत, ‘स्पष्टच आहे’ हे उत्तर चालत नसे, आणि इंग्रजीतून बोलण्याची सवय नसलेल्या आम्हा मुलांना आधी वाक्य जुळवावे लागे, मग विचार. पण सरांनी घाई कधी केली नाही. केरळ, बंगाल, राजस्थानकडील मुलेही त्याच नावेत होती. रात्री मेसमध्ये सांबार-भात आटोपला की (भाकरीची आठवण शेवटपर्यंत सुटली नाही) आम्ही वसतिगृहाच्या व्हरांड्यात दिवसभराची उदाहरणे घेऊन बसत असू. तिथे एकमेकांना समजावताना जे पक्के झाले, ते वर्गात झालेल्यापेक्षा कमी नव्हते.

लिनियर अल्जेब्रामध्ये तर मला खरा धक्का बसला. समीकरणांच्या संहती मी मॅट्रिक्सच्या ओळी करून किती सोडवल्या होत्या! तिथे आम्हाला आधी चित्र काढायला लावले. २क्ष + ३य = ० ही आरंभबिंदूतून जाणारी रेषा; उजवीकडे शून्याऐवजी ६ ठेवले की तीच रेषा स्वतःला समांतर सरकते. म्हणजे ६ ची एक उकल सापडली की तिच्यात शून्याच्या सगळ्या उकली मिळवल्या, की काम झाले. कितीही चले आणि कितीही समीकरणे असली, तरी उकल असेल तर हेच घडते. हे मला बारावीतच कोणी दाखवायला हवे होते, असे वाटून थोडा रागही आला.

शिबिर सगळ्यांना मानवेल असे मी म्हणणार नाही. थोडक्या वेळात पुष्कळ प्रकरणे उरकावीत किंवा एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेची तयारी व्हावी, या हेतूने गेलेल्याची निराशा होईल, कारण एकेका व्याख्येवर तास जातो. परतल्यावर तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेतही माझे गुण काही उडी मारून वाढले नाहीत. तिथले प्रश्न होते तसेच राहिले आणि त्यांना हवी तशीच उत्तरे मी लिहिली. फरक पडला तो वाचण्यात. आता प्रमेय समोर आले की त्यातील एखादी अट काढून टाकतो आणि ते मोडणारे उदाहरण शोधत बसतो. पुस्तकाचे एक पान संपायला संध्याकाळ लागते.

ज्यांना जायचे असेल त्यांनी अर्जाची मुदत उन्हाळ्याच्या बरीच आधी संपते हे ध्यानात ठेवावे, आणि शिफारसपत्र अशा शिक्षकांकडून घ्यावे ज्यांना तुम्ही वर्गात कोणते प्रश्न विचारता हे ठाऊक आहे.