२१४ मिलिमीटरची पायरी

"साहेब, घरात म्हातारी माणसं आहेत ना? एवढी पायरी चढायची कशी?" जुळे सोलापुरातल्या साइटवर एआयनं काढलेला जिना बघून मिस्त्रींनी आज विचारलं.

मजल्याची उंची ३००० मिमी, राइजर (पायरीचे उभे भाग) १४. म्हणजे एक पायरी २१४ मिमी! राष्ट्रीय इमारत संहितेत घरगुती जिन्याला कमाल १९० आहे. १६ राइजर घेतले की १८७.५ येतो. पण मग २५० च्या ट्रेडनं (पाय ठेवायच्या आडव्या भागानं) जिन्याच्या दोन फ्लाइटपैकी (सलग पायऱ्यांच्या भागांपैकी) प्रत्येक १५०० ऐवजी १७५० लांब होते आणि शेजारचं बाथरूम सरकतं. म्हणून हे आकडे एआयला प्लॅन काढण्याआधीच द्यायला हवेत, नंतर दुरुस्तीला नाही.

नुसतं 'स्टँडर्ड जिना' लिहून भागत नाही. मजल्याची उंची, राइजर-ट्रेडची मर्यादा, भिंतीची जाडी, प्लास्टर, सगळं त्या प्रोजेक्टचं म्हणून लिहून द्यावं.

प्लास्टर तर हमखास सुटतं. जिन्याच्या रुंदीसाठी विटांच्या दोन भिंतींमध्ये १००० ठेवले, दोन्ही बाजूंना १२-१२ चा थर चढला की उरतात ९७६. संहितेला जिना किमान एक मीटर रुंद हवा! माप तयार पृष्ठभागापासून धरायचं, हेही स्पष्ट लिहावं लागतं. शेवटी राइजरची उंची गुणिले संख्या मजल्याच्या उंचीइतकी येते का, हे हातानं तपासावंच.

तुमच्या ऑफिसात असा मापांचा तक्ता आधी बनतो का?