प्रवाळाच्या तुकड्यांचे 76 दिवस

एप्रिल 2016 मध्ये आमच्या लातूरला प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेने आलं होतं. त्याच गावात मी घरात खारं पाणी बनवून प्रवाळ सांभाळतो, त्यामुळे आधी पाण्याचा हिशेब सांगतो. बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप, आमच्याकडे 900च्या पुढे असतो. आरओ आणि त्यापुढच्या डीआय रेझिनमधून, म्हणजे उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या मण्यांमधून, गेल्यावर मीटर शून्य दाखवतं, पण एका लिटरमागे तीन लिटर पाणी बाजूला पडतं. ते पिंपात साठवतो. फरशी, संडास, गाडी सगळं त्यावर निघतं. झाडांना मात्र घालत नाही, कारण त्यात क्षार आणखी वाढलेले असतात.

तीन वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा झोअँथिड आणले, म्हणजे कठीण सांगाडा नसलेले, फुलांच्या ताटव्यासारखे वाढणारे प्रवाळ. हिरव्या कडेचे, मधे केशरी, गुंडीएवढे पॉलिप, म्हणजे वसाहतीतला एकेक जीव. पिशवी टाकीत तरंगत ठेवली, तापमान जुळलं आणि तसेच आत सोडले. दोन आठवडे छान फुलले, मग एकेक मिटायला लागला. मी मीठ तपासलं, अल्कलिनिटी तपासली, लाईट कमी केला. एका रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन बसलो तेव्हा पॉलिपच्या देठाशी काहीतरी हललं. झोअँथिड खाणारी न्यूडिब्रँक, म्हणजे शंख नसलेली समुद्री गोगलगाय. जे खाते त्याचाच रंग घेते, म्हणून दिवसा दिसतच नाही. महिन्याभरात ती सगळी वसाहत गेली. आई म्हणाली, "रात्रीचं काय बघायलास रं त्या पाण्यात?" मला उत्तर देता आलं नाही.

म्हणून या फेब्रुवारीत मुंबईच्या एका जुन्या छंदी मित्राने स्वतःच्या टाकीत वाढवलेले तुकडे देऊ केले, तेव्हा आधी वेगळी टाकी लावली, मगच तिकीट काढलं. एक गोष्ट इथेच सांगतो. कठीण सांगाड्याचे सगळे प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. माझ्याकडे त्यातलं काही नाही आणि कोणी दिलं तरी मी घेणार नाही. मित्राकडून घेतले ते झोअँथिड, छत्रीसारखे पसरट मश्रूम कोरल आणि एक चामड्यासारखं मऊ लेदर कोरल.

क्वारंटाइनची टाकी 40 लिटरची, गावातल्या काचवाल्याकडून करून घेतलेली. तळाला वाळू नाही, दगड नाही, म्हणजे खाली पडलेलं काहीही दिसतं. एक हीटर, एक छोटा पंप, साधा लाईट आणि एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर. हा स्पंज महिनाभर मोठ्या टाकीच्या संपमध्ये, म्हणजे तिला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत, ठेवला होता, पाणी साफ करणारे जिवाणू धरावेत म्हणून. तिकडून इकडे आणता येतो, इकडून तिकडे कधीच नाही. चिमटा, जाळी, सिरिंज, टॉवेल सगळं वेगळं, आणि त्यावर लाल टेप.

रात्रीच्या रेल्वेने थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन आलो. सकाळी मांडलं ते असं: टाकीच्याच पाण्याचे तीन पांढरे टब. पहिल्यात डिप, म्हणजे प्रवाळ बुडवून त्यावरचे किडे काढायचं औषध, बाटलीवर लिहिलेल्या मापाने, दहा मिनिटं. सिरिंजने देठांच्या मधून पाण्याचे फवारे मारत राहायचं. बाकी दोन टब धुवायला. डिपचं पाणी मोरीत जातं, टाकीत थेंबही नाही. पांढऱ्या टबात दोन न्यूडिब्रँक पडल्या, जेमतेम चार मिलिमीटरच्या. मित्राची टाकी स्वच्छ होती असं तोही मनापासून मानत होता.

यातला खरा घोळ पुढे आहे. डिपने मोठ्या गोगलगाई मरतात, अंडी मरत नाहीत. ती देठाच्या मागे किंवा प्लगच्या, म्हणजे तुकडा ज्यावर चिकटवतात त्या छोट्या चकतीच्या, खाली चिकट, पारदर्शक, वेटोळ्यासारखी असतात. भिंग आणि टॉर्च घेऊन मी प्रत्येक तुकडा फिरवून पाहिला आणि सापडलेली दोन वेटोळी चिमट्याने खरवडली. जुने प्लग सरळ काढून टाकले, कारण बिनबोलावलेले पाहुणे बहुतेक त्यांच्या खालूनच येतात. तरीही काही सुटलं असेलच असं धरून दर आठवड्याला पुन्हा डिप. तिसऱ्या आठवड्यात आणखी एक पिल्लू निघालं. त्यानंतर सलग तीन टब स्वच्छ आले, तेव्हा कुठे मला नीट झोप लागली.

एका तुकड्याचे अनेक करायला प्रवाळ कापतात, पण कापायची घाई केली नाही. प्रवासाने दमलेल्या जिवाला दहा दिवस दिले. झोअँथिड कापताना हातमोजे आणि गॉगल घालतोच, आणि लेकीला त्या वेळी गॅलरीत येऊ देत नाही. या कुळात पॅलिटॉक्सिन हे जबर विष असू शकतं. 1971 मध्ये हवाईच्या पॅलिथोआमधून ते पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं. म्हणून असा दगड उकळायचा नाही, गरम पाणी ओतायचं नाही, कोरडा घासायचा नाही. ब्लेडने पॉलिपच्या मधून, खालच्या चिवट थरातून कापायचं, पॉलिपला टोक लागू द्यायचं नाही. खाली टिपून कोरडं केलं की जेल सुपरग्लूचा थेंब आणि नवा प्लग. हा गोंद पाण्याखालीही धरतो.

लेदर कोरलला गोंद चालत नाही. कापताच इतका चिकट स्राव सोडतं की सगळं निसटतं. त्याची कड कात्रीने कापली, तुकडा दगडाच्या खड्यावर ठेवला आणि बायकोच्या शिवणातल्या नेटच्या कापडाने सैल बांधला. मश्रूम तोंडाच्या मधोमध चिरून खड्यांच्या वाटीत ठेवले, वरून जाळी. कापल्यावर सगळ्यांना जखमेसाठी आयोडीनचा हलका डिप दिला, स्राव शोषायला पाण्यात कार्बन टाकला आणि दुसऱ्या दिवशी दहा लिटर पाणी बदललं. लेदर पाच दिवस मिटलेलं, वर मेणासारखा पापुद्रा. तो टाकतंच ते, हे माहीत असूनही मी दिवसातून चार वेळा जाऊन पाहत होतो. पंधराव्या दिवशी त्याने खडा धरला.

किडे संपले तरी तुकडे 76 दिवस वेगळे का ठेवले? माझ्या मोठ्या टाकीत दोन क्लाउनफिश आहेत. माशांच्या अंगावर मीठ शिंपडल्यासारखे ठिपके आणणारा क्रिप्टोकॅरियॉन हा सूक्ष्म परजीवी प्रवाळाला काही करत नाही, पण त्याची गाठ प्लगवर चिकटून येऊ शकते आणि आठवडे निपचित राहते. फुटली आणि मासा मिळाला नाही तर आतून आलेली पिल्लं एकदोन दिवसांत मरतात. मासा नसलेल्या टाकीत तेवढे दिवस काढले की तो धोका टळतो. लेकीने पहिल्याच दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर शेवटच्या तारखेला मासा काढून ठेवला होता.

मार्च संपता संपता उन्हाने गाठलं. खोलीत 38, पाणी 30च्या वर. चिलर परवडण्यासारखा नाही, पण आपली कोरडी हवा कामाला येते. पाण्यावर तिरका छोटा पंखा लावला की 27 वर येतं, कूलरसारखंच. त्याची किंमत बाष्पात मोजायची. 40 लिटरमधून दिवसाला दोन लिटर उडतात, मीठ मात्र आतच राहतं. भरलं नाही तर हजारी 35ची क्षारता एका दिवसात 37च्या जवळ जाते. म्हणून सकाळ-संध्याकाळ शून्य टीडीएसचं गोडं पाणी, रेघेपर्यंत. वीज गेली तर बॅटरीचा एअर पंप. एका दुपारी चार तास गेली होती, तेव्हा आईच शेजारी बसून बुडबुड्यांवर लक्ष ठेवत होती. तिने आयुष्यभर पोवळं फक्त अंगठीतलं पाहिलेलं. "हे बी पोवळंच का? मऊ कसं मग?" तिला लेदरचे पॉलिप टॉर्चखाली दाखवले, तेव्हा बराच वेळ बोलली नाही.

एप्रिल अखेरीस अकरापैकी नऊ तुकडे मोठ्या टाकीत जायला तयार होते. एक मश्रूम वितळलं, एक झोअँथिड कधी उघडलाच नाही. सात आत ठेवले, खालच्या बाजूला, कमी उजेडात. उरलेले दोन नांदेडच्या मित्रासाठी राखलेत. त्याने परवा डबा पाठवतो म्हटलं, मी म्हटलं आधी रिकामा स्पंज पाठव. तो आता माझ्या संपमध्ये मुरायला ठेवलाय.