लहानच द्या

‘‘लार्ज करून देऊ का? थोडाच फरक पडतो.’’ हा प्रश्न इतक्या सौजन्याने येतो, की नाही म्हणताना आपणच कुणाचं तरी मन मोडतोय असं वाटतं. काउंटरपलीकडच्या मुलाचा यात काही दोष नसतो. त्याला तो प्रश्न विचारायलाच सांगितलेलं असतं आणि त्याने तो विचारला नाही, तर साहेब त्याला विचारतात. आपल्यामागे रांग असते, सोबत चार माणसं असतात. जिच्यासाठी इथवर आलो त्या भुकेला मात्र या सगळ्यात कुणी काही विचारत नाही.

गंमत म्हणजे या प्रश्नाचं मूळ खादाडपणात नाही, लाजेत आहे. डेव्हिड वॉलरस्टीन नावाचे गृहस्थ शिकागोच्या बालाबान अँड कॅट्झ या चित्रपटगृहांच्या साखळीत काम करत. तिकिटापेक्षा पॉपकॉर्न आणि शीतपेयांत कमाई जास्त, तेव्हा त्यांची विक्री वाढवायची कशी, हा त्यांचा रोजचा घोर. सवलती देऊन झाल्या, पण लोक काही दुसरी पिशवी घेईनात. पोट भरलं म्हणून नव्हे, तर दोन पिशव्या घेऊन खुर्चीकडे जाताना आपण हावरट दिसू म्हणून. वॉलरस्टीन यांनी मग पिशवीच मोठी केली. पुढे 1970च्या दशकात ते मॅकडोनल्ड्सच्या संचालक मंडळावर होते. तिथे फ्रेंच फ्राइजनाही हीच युक्ती लावा, म्हणून ते कंपनीचे सर्वेसर्वा रे क्रॉक यांच्या मागे लागले. क्रॉक यांचं म्हणणं सरळ होतं: ज्याला जास्त हवेत, तो दोन पाकिटं घेईल. हिशेब म्हणून बिनतोड, पण माणसं हिशेबाने लाजत नाहीत. शेवटी मोठं पाकीट आलंच.

मला या वॉलरस्टीन यांचं मनापासून कौतुक वाटतं. जास्त खाण्यातली लाज त्यांनी एका मोठ्या पिशवीत अलगद झाकून टाकली. पण लाज अशी नाहीशी होत नाही, ती घर बदलते. आज ती कमी मागणाऱ्याच्या वाट्याला आली आहे. जरा कान देऊन ऐका. लार्ज घेणारा कधी कारण देत नाही. लहान मागणारा मात्र न विचारता खुलासा करतो: फारशी भूक नाही, घरी जेवायचंय, डॉक्टरांनी सांगितलंय. आपण चिकट नाही, हे काउंटरवरच्या अनोळखी मुलाला पटवून द्यायची आपल्याला कोण धडपड!

त्या ‘थोडाच फरक’मध्ये खोटं काही नसतं. जागेचं भाडं, पगार, वीज हा सगळा खर्च लहान ग्लासालाही तेवढाच आणि मोठ्यालाही तेवढाच. आत ओतलेल्या सरबताची किंमत त्यापुढे किरकोळ. म्हणजे आपण वर दिलेले पैसे जवळपास सगळेच त्यांच्या गल्ल्यात राहतात. त्यात मधला ग्लास. पुष्कळदा तो विकण्यासाठी नसतोच, मोठा स्वस्त दिसावा म्हणून उभा केलेला असतो. लग्न जुळवताना मुद्दाम आधी दाखवलेल्या नाकारण्याजोग्या स्थळासारखा. जोएल ह्यूबर, जॉन पेन आणि ख्रिस्तोफर पुटो यांनी 1982 साली हे प्रयोग करून दाखवलं: दोन पर्यायांत एकापेक्षा उघडच कमअस्सल असा तिसरा आणून ठेवला, की लोक त्या एकाकडे वळू लागतात. आपण मनातल्या मनात दर ग्रॅमचा भाव काढतो आणि खूश होतो. नको असलेला ग्रॅम स्वस्तात पडला, हा हिशेब कुठल्या खात्यावर मांडायचा?

बरं, मोठं घेतलं तरी पोट भरल्यावर आपण थांबू, असं प्रत्येकालाच वाटतं. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 साली प्रौढ माणसांना वेगवेगळ्या दिवशी एकच पदार्थ वेगवेगळ्या मापाने वाढला. सगळ्यांत लहान वाढप अर्ध्या किलोचं, सगळ्यांत मोठं एक किलोचं. मोठं समोर आल्यावर लोकांनी साधारण 30 टक्के जास्त खाल्लं. त्याहून मजेची गोष्ट अशी, की जेवणानंतर ‘पोट किती भरलं?’ या प्रश्नाला दोन्ही वेळची उत्तरं सारखीच आली. वाढण्यात फरक होता हे निम्म्याहून अधिक लोकांच्या लक्षातही आलं नव्हतं. तेव्हा पोटावर भिस्त ठेवण्यात फारसा अर्थ नाही. ते डोळ्यांचं ऐकतं.

पानात काही टाकू नये, या शिकवणीचंही इथे उगाच ओझं होतं. शिकवण चांगलीच आहे. पण ती ज्यांनी दिली ते आपल्याला वाढताना तोंडाकडे बघत, ‘‘पुरे का?’’ म्हणत. हॉटेलातलं माप आपल्याला कधीही न पाहिलेल्या कुणीतरी भलत्याच हिशेबाने ठरवलेलं असतं. ते संपवणं म्हणजे अन्नाचा मान राखणं नव्हे. उरलेलं बांधून घ्यावं. मी तर ताट आल्याबरोबरच डबा मागतो, कारण निम्मं जेवण झाल्यावर हा विचार करण्याच्या स्थितीत मी नसतो. मागणीही एका दमात सांगून टाकतो: अमुक एक, लहान, बाकी काही नको. श्वास घ्यायला थांबलं, की त्या फटीतून प्रश्न आत येतो.

कायद्याने हे होईल का? न्यू यॉर्कचे महापौर मायकल ब्लूमबर्ग यांनी 2012 साली प्रयत्न करून पाहिला. हॉटेलं, चित्रपटगृहं अशा ठिकाणी गोड पेयांचा ग्लास 16 औंसांहून, म्हणजे सुमारे 470 मिलिलिटरहून मोठा नको, एवढाच नियम. केवढा गहजब झाला! खरं तर दोन ग्लास घ्यायला कुणाची मनाई नव्हती. रे क्रॉक यांचंच म्हणणं सरकारी कागदावर आलं होतं म्हणा ना. पण दोन ग्लास हातात धरायची लाज लोकांना तोवर पक्की ठाऊक असावी. आरोग्य मंडळाला असा नियम करण्याचा अधिकारच नाही, म्हणून 2014 साली तिथल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने तो मोडीत काढला.

मला त्याच 2012 सालची दुसरी गोष्ट जास्त आवडते. एका चिनी पदार्थांच्या उपाहारगृहात जॅनेट श्वार्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाढणाऱ्यांना उलटा प्रश्न विचारायला लावला: सोबतचा भात किंवा नूडल्स निम्मेच देऊ का? एरवी स्वतःहून असं मागणारं जवळजवळ कुणी नव्हतं. विचारल्यावर मात्र 14 ते 33 टक्के गिऱ्हाईक हो म्हणालं. थोडी सवलत दिली काय, न दिली काय, हो म्हणणारे तेवढेच. म्हणजे काही जणांनी पैसे पूर्ण मोजून जिन्नस अर्धा घेतला आणि तो आनंदाने घेतला. विकणाऱ्याला याहून चांगलं गिऱ्हाईक कुठे मिळणार? तरी मला अजून कुणी हा प्रश्न विचारलेला नाही. विचारला, तर मी हो म्हणेन आणि कारण सांगणार नाही.