विंडोजला पासवर्ड होता, तरी सगळ्या फाइली उघड्याच होत्या

मी सांगलीत लोकांचे इन्कमटॅक्स रिटर्न भरून देतो, त्यामुळे लॅपटॉपवर दोन-अडीचशे जणांचे पॅन, आधार, बँकेची स्टेटमेंटं असं सगळं असतं. विंडोजला पासवर्ड टाकलाय म्हणजे झालं, असंच मी धरून चाललो होतो. गेल्या पावसाळ्यात लॅपटॉप चालूच होईना म्हणून दुरुस्तीवाल्याकडं नेला, त्यानं मागचं झाकण उघडून एसएसडी, म्हणजे डेटा असतो ती डिस्क, काढली, एका छोट्या डबीत घातली आणि यूएसबीनं स्वतःच्या कॉम्प्युटरला लावली. परवानगी नाही असा एक मेसेज आला, त्यानं कंटिन्यू दाबलं आणि सगळे फोल्डर समोर, माणसांच्या नावानिशी. "डेटा आहे साहेब, काळजी नको." तो मदतच करत होता, पण माझ्या पोटात गोळा आला. लोकांनी विश्वासानं कागद दिलेत, उद्या बॅग एसटीत राहिली तर?

लॅपटॉप परत आल्यावर पहिलं बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये गेलो. माझ्याकडं चालू होताना एफ२ दाबावं लागतं, काहींचं एफ१० नाहीतर डिलीट असतं. सुपरवायझर पासवर्ड टाकला, सेव्ह केलं, रीस्टार्ट केलं, तर काहीच न विचारता विंडोज सुरू! तो नुसता बायोसच्या सेटिंगला होता, खाली 'पासवर्ड ऑन बूट' डिसेबल होतं, ते एनेबल केल्यावर विचारायला लागला. हा पासवर्ड मात्र विसरू नका, डेस्कटॉपमध्ये बोर्डावरचा सेल काढला की बरेचदा निघून जातो, लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा तसं होत नाही. आणि डिस्क काढून दुसरीकडं लावली तर फाइली दिसणारच, म्हणजे मूळ दुखणं तसंच.

ते दुखणं गेलं बिटलॉकरनं, म्हणजे डिस्कवरचं सगळं एन्क्रिप्ट करून कुलूपबंद करणाऱ्या विंडोजमधल्या सोयीनं. माझ्याकडं विंडोज ११ प्रो आहे म्हणून जमलं, विंडोज होममध्ये बऱ्याच मशीनवर डिव्हाइस एन्क्रिप्शन मिळतं पण त्यात लॅपटॉप चालू होताना पिन विचारायची सोय नसते. बिटलॉकर नुसतं चालू केलं तर मशीनमधली किल्ली सांभाळणारी टीपीएम चिप स्वतःच कुलूप उघडते, आपल्याला कुणी काही विचारत नाही. म्हणून आधी ग्रुप पॉलिसीत (विंडोजच्या खोलातल्या सेटिंगमध्ये) बिटलॉकरच्या ऑपरेटिंग सिस्टिम ड्राइव्हज खाली 'रिक्वायर ॲडिशनल ऑथेंटिकेशन ॲट स्टार्टअप' एनेबल केलं, मग बिटलॉकर चालू करताना पिन टाकायचा पर्याय आला. लॅपटॉप जुना वापरातला होता म्हणून पूर्ण ड्राइव्ह एन्क्रिप्ट केला, वेळ लागतो पण पूर्वी डिलीट केलेलं पण झाकलं जातं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, रिकव्हरी की, म्हणजे कुलूप नेहमीसारखं उघडलं नाही तर लागणारी किल्ली. ४८ आकडे, सहा-सहाचे आठ गट. ज्या ड्राइव्हला कुलूप लावतोय त्यावरच ती सेव्ह करू देत नाही, आणि बरोबरच आहे ते. मी पेनड्राइव्हवर घेतली आणि वहीत पण लिहिली, बायको वाचत होती, मी लिहीत होतो. प्रत्येक गटाला ११ नं पूर्ण भाग जातो असं कळलं होतं म्हणून कॅल्क्युलेटर घेऊन बसलो, तर सहाव्या गटाला भाग जाईना, बघतो तर ३ च्या जागी ८ लिहिलेला. तेव्हाच सापडलं ते किती बरं झालं.

कारण दोन महिन्यांनी मी बायोस अपडेट केलं आणि त्याआधी बिटलॉकर सस्पेंड करायचं, म्हणजे तात्पुरतं थांबवायचं, राहूनच गेलं. चालू केला तर निळा स्क्रीन, रिकव्हरी की टाका. दुसऱ्या दिवशी तिघांचे रिटर्न जायचे होते. वही कपाटातून काढली, स्क्रीनवरचा की आयडी (कुठली की हवी ते सांगणारा क्रमांक) वहीतल्याशी जुळवून बघितला, एकेक आकडा बोट ठेवून टाकला, सहाव्या गटाशी थोडा थांबलो, आठवा गट झाला, एंटर मारलं आणि विंडोजचं ते गोल फिरायला लागलं.

वही परत कपाटात ठेवली, एक नक्कल भावाच्या घरी दिली. फोनमध्ये तिचा फोटो मुद्दामच काढला नाही.